गप्प राहण्याचा हक्क

चि. निनाद यास,


परवा फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितेय. हरवलेल्या मुलीच्या आईला तू तुझ्या वाहिनीवर लाइव्ह घेणार आहेस आणि ‘बाई काहीतरी लपवतेय, दाबून विचार’ असं तुला वरून सांगण्यात आलंय. यात कायद्याची काही अडचण येईल का, एवढंच तू मला विचारलंस. अडचण आहे. पण त्याआधी एक घडलेली गोष्ट वाच.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑगस्ट २००६ मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा घरातून बेपत्ता झाला. आई एकवीस वर्षांची होती. सीएनएनच्या हेडलाइन न्यूज वाहिनीवर तेव्हा नॅन्सी ग्रेस यांचा कार्यक्रम जोरात चालायचा. ग्रेस पूर्वी अटलांटात सरकारी वकील होत्या, त्यामुळे प्रश्न कसा रोखायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी त्या आईची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. त्या दिवशी तू कुठे होतीस, सांगत का नाहीस, हेच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. तपशील उघड करू नकोस असं मला सांगितलंय, असं ती म्हणाली. तरी मारा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी, मुलाखत दाखवण्याच्या काही तास आधी, तिने आत्महत्या केली. आणि त्याच संध्याकाळी मुलाखत दाखवली गेली. पुढे कुटुंबाने दावा लावला, २०१० मध्ये तडजोड झाली, मुलाच्या शोधासाठी दोन लाख डॉलरचा निधी ठेवायचं ठरलं. मूल आजतागायत सापडलेलं नाही.

मुलाखतीमुळेच तिने जीव दिला, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. पोलिसांनी नंतर तिलाच मुख्य संशयित ठरवलं, हेही तुला माहीत असलं पाहिजे. तुझे संपादक म्हणतील, बघा, ग्रेसबाईंचा संशय खरा होता. बरं, होता असं धरू. मग तर नुकसान आणखी मोठं झालं, कारण मुलाचा ठावठिकाणा जिला माहीत असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, तीच गेली. आणि ती निर्दोष असेल, तर पोर हरवलेल्या आईला तिच्या शेवटच्या दिवसांत आपण काय दिलं? त्या मुलाखतीतून तपासाच्या हाती काय लागलं, याचं उत्तर मला कुठेही मिळालेलं नाही.

मी इतकी वर्षं सत्र न्यायालयात सरकारी बाजूने उभी राहिले. उलटतपासणी किती कठोर असते हे मी जवळून पाहिलंय. धडधाकट माणसं पिंजऱ्यात घाम पुसताना पाहिलीत. पण तिथे वर न्यायाधीश बसलेले असतात. केवळ अपमान करायला किंवा छळायला विचारलेला प्रश्न त्यांनी रोखावा, असं साक्षीचा कायदाच सांगतो. साक्षीदाराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा प्रश्न वाजवी आधार असल्याशिवाय विचारता येत नाही. साक्षीदाराला उत्तर पुरं करू द्यावं लागतं, मागून फेरतपासणी असते. आरोपीला तर राज्यघटनेच्या कलम २० (३) चं कवच आहे: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. खुनाच्या आरोपीला जो हक्क आपण देतो, तो हरवलेल्या मुलीच्या आईला तुझ्या स्टुडिओत का नसावा? ती गप्प बसली की खालच्या पट्टीवर ‘मौन का?’ असं धावायला लागतं. अरे, वकिलाने सांगितलं असेल, तपास अधिकाऱ्याने सांगितलं असेल, किंवा नुसता हंबरडा आतल्या आत दाबून बसली असेल. गप्प राहण्यावरून गुन्हा ताडायला न्यायालय तयार नसतं, आणि तुम्ही लोक तीन मिनिटांत ताडता.

आता तुझ्या लोकांना न दिसणारी गोष्ट सांगते. टीव्हीवर दबावाखाली बोललेलं वाक्य हवेत विरत नाही. साक्षीदाराने पोलिसांना दिलेला जबाब एक, तुला दिलेला बाइट थोडा वेगळा. वर्षा-दोन वर्षांनी खटला उभा राहतो, तेव्हा बचावाचा वकील ती फीत काढतो आणि विसंगती दाखवतो. खरं बोलणारा साक्षीदार तिथे लटका ठरू शकतो. संशयिताचा चेहरा आधीच घरोघर दाखवला, की ओळख परेडला किंमत राहत नाही. पीडितेच्या बाजूने लढतोय असं म्हणणारी वाहिनी तिचाच खटला कमकुवत करते, आणि निकालाच्या दिवशी ‘आरोपी सुटलाच कसा’ म्हणून पुन्हा तीच ओरडते. याचा मला फार संताप येतो.

२०२० चा मुंबईतला पावसाळा तुला आठवत असेल. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी एका तरुणीला रोज रात्री दोषी ठरवलं. एनसीबीच्या, म्हणजे अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, कार्यालयात जाताना कॅमेऱ्यांच्या गर्दीत तिला पाऊल टाकता येईना. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने, त्या सगळ्या प्रकारावर निकाल दिला. तपास चालू असताना पीडित, साक्षीदार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती टाळाव्यात, पोलिसांपुढची तथाकथित कबुली दाखवू नये, घटनेचं नाट्यरूपांतर करू नये, चारित्र्यहनन करू नये, असं त्यात म्हटलंय. प्रिंट काढून संपादकांच्या टेबलावर ठेव. हेच तुझ्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर.

मग पत्रकाराने मिळमिळीत राहावं का? मुळीच नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीबीसीच्या एमिली मेटलिस यांनी ब्रिटनचे तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू यांना लैंगिक गुन्हेगार एपस्टीनशी असलेल्या मैत्रीबद्दल प्रश्न विचारले, ती मुलाखत पुन्हा बघ. आवाज चढलेला नाही. प्रश्न नेमके, तयारी पक्की, आणि उत्तराला पुरेशी जागा. काही दिवसांतच राजपुत्राला सार्वजनिक कामातून बाजूला व्हावं लागलं. समोरचा माणूस राजवाड्यात बसलेला होता, सल्लागारांनी वेढलेला होता, नाही म्हणू शकत होता. तुझ्या समोर कोण बसणार आहे ते बघ. तुझी धार ठाणेदारासाठी ठेव: तक्रार किती वाजता आली, गुन्हा किती वाजता नोंदवला, सीसीटीव्ही कधी ताब्यात घेतले? पालकमंत्र्यांना विचार. ती उत्तरं देणं त्यांचं कामच आहे.

त्या बाईंना लाइव्ह घेऊ नकोस. मुलीचा फोटो, अंगावरचे कपडे आणि पोलिसांचा संपर्क क्रमांक दिवसभर दाखव. संपादक ऐकले नाहीत, तर ही मुलाखत मी करणार नाही असं त्यांना लेखी दे, आणि मला लगेच फोन कर.

तुझी,
आत्या