न दिसणारी वखार

पीक हाती आले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले असे नव्हे. आलेले धान्य पुढील हंगामापर्यंत सुरक्षित कसे राहील, ही चिंता त्यास असतेच. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. या दोन्ही भागांतील वडीलधाऱ्या माणसांना ‘पेव’ हा शब्द चांगला परिचित आहे. जमिनीत खोल खड्डा खणावा, त्यास आतून कडबा व भुसा यांचे अस्तर द्यावे, त्यात ज्वारी भरावी आणि तोंड दगडाने व मातीने बंद करावे. असे ते पेव. एखादी गोष्ट एकाएकी उदंड दिसू लागली म्हणजे आपण ‘पेव फुटले’ असे म्हणतो, तो वाक्प्रचार यावरूनच आला. पेवास भाडे पडत नसे. पण सोयही बेताचीच असे. कडेचे धान्य काळे पडे, ओल शिरली तर सारे नासून जाई, आणि पेव उघडल्यावर आतील दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे.

पुढे वखारी आल्या. १९५७ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्यात, राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. बुलढाणा येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘बुलडाणा अर्बन’ या सहकारी पतसंस्थेनेही गोदामे उभारली. शेतकऱ्याने आपला माल तेथे ठेवावा आणि त्या मालाच्या तारणावर कर्ज घ्यावे, अशी ही सोय आहे. भाव पडलेला असताना माल विकण्याची पाळी येऊ नये, हा तिचा हेतू. मात्र वखारीचे भाडे द्यावे लागते, आणि भाडे देणारा मनुष्य नुसत्या जागेवर संतुष्ट राहत नाही. मालाची पावती मिळावी, मालास कीड लागू नये, आपली पोती दुसऱ्याच्या पोत्यांत मिसळू नयेत आणि मागताच माल परत मिळावा, अशी त्याची रास्त अपेक्षा असते.

मुलांनो, अशीच एक वखार आज घरोघरी वापरली जाते. परंतु ती डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, आलेली ई-पत्रे, शाळेचे दाखले, बियाण्यांच्या पावत्यांच्या प्रती हे सारे आपण एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करतो. या साठवणीस ‘क्लाऊड’ म्हणजे ढग असे नाव पडले आहे. ते नाव थोडे फसवे आहे. आपली छायाचित्रे आकाशात तरंगत नसतात. ती मोठमोठ्या इमारतींत, रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांच्या तबकड्यांवर नोंदलेली असतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत व गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच अशी केंद्रे सुरू केली. संगणक तापू नयेत म्हणून तेथे अखंड थंडावा राखावा लागतो, आणि वीज गेली तर तत्काळ दुसरी सोय असावी लागते. हा सर्व खर्च कोणी तरी सोसतोच.

या वखारीची मापे वेगळी आहेत. धान्य क्विंटलात मोजतात, तशी ही साठवण बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये रोमन लिपीतील एक अक्षर मावते. आपल्या देवनागरीतील ‘क’ या एका अक्षरास बहुधा तीन बाइट लागतात. सुमारे दहा लाख बाइट म्हणजे एक मेगाबाइट आणि सुमारे एक हजार मेगाबाइट म्हणजे एक गीगाबाइट. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र साधारणतः तीन मेगाबाइट जागा घेते, असे धरून चाला. म्हणजे पुढील हिशेब सोपा जाईल.

संगणकाच्या जाळ्यावरून पहिले ई-पत्र रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये पाठविले. पत्त्यात मध्यभागी येणारे ‘ॲट’ हे वर्तुळाकार चिन्ह त्यानेच निवडले. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ ही विनामूल्य ई-पत्रसेवा सुरू केली. तिच्यात प्रत्येकास दोन मेगाबाइट एवढीच जागा मिळे. आजचे एक छायाचित्रही तीत मावले नसते! लोक जुनी पत्रे पुसून नव्या पत्रांसाठी जागा करीत आणि अधिक जागेची वाट पाहत. ती आशा १ एप्रिल २००४ रोजी फळास आली. त्या दिवशी गूगलने ‘जीमेल’ सेवा जाहीर केली आणि प्रत्येकास एक गीगाबाइट, म्हणजे जवळजवळ पाचशे पट जागा देऊ केली. पहिली एप्रिल असल्यामुळे ही थट्टाच असावी, असे पुष्कळांना वाटले. २०१३ मध्ये पत्रे, कागदपत्रे व छायाचित्रे मिळून पंधरा गीगाबाइट जागा विनामूल्य मिळू लागली.

पंधरा गीगाबाइट म्हणजे किती? आपल्या हिशेबाने पाच हजार छायाचित्रे. रोज दहा छायाचित्रे काढणाऱ्या घरात ही जागा पाचशे दिवसांत भरते. थोड्या कमी प्रतीची छायाचित्रे काही वर्षे या मोजणीत धरली जात नसत; परंतु १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. जागा पूर्ण भरली म्हणजे नवी छायाचित्रे वर जात नाहीत, इतकेच नव्हे तर नवी पत्रेही येईनाशी होतात. एखाद्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीचे पत्र निघाले आणि त्याची पेटी भरलेली असली, तर ते पत्र आल्या वाटेने परत जाते. विद्यार्थ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अनेक कुटुंबे आता दरमहा वा दरवर्षी पैसे भरून अधिक जागा घेतात. येथपासून ती वखारीची भाडेकरू होतात.

भाडेकरूने कोणत्या सुधारणांची आशा धरावी?

पहिली आशा मापाची. या सेवांत बहुधा शंभर गीगाबाइटनंतर दोनशे आणि त्यानंतर एकदम दोन हजार गीगाबाइटची पायरी असते. ज्याला तीनशे हवे आहेत, त्याने काय करावे? तीस पोती ठेवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास सबंध गोदाम भाड्याने घ्यावयास सांगण्यासारखेच हे आहे. मधल्या पायऱ्या असाव्यात, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी आशा आपल्या लिपीची. ई-पत्राचा पत्ता रोमन लिपीखेरीज इतर लिप्यांतही लिहिता यावा, यासाठीचे तांत्रिक नियम २०१२ मध्ये ठरले. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नाव इंटरनेटच्या पत्त्यांसाठी उपलब्ध झाले. तरीही पुष्कळशा अर्जांत देवनागरी पत्ता लिहिला तर तो चुकीचा ठरविला जातो. ज्या आजोबांना मराठी उत्तम वाचता येते, त्यांना आपला स्वतःचा पत्ता मात्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ही गोष्ट बदलावयास हवी.

तिसरी आशा गावाकडील परिस्थितीची. अजिंठ्याच्या डोंगररांगांतील कित्येक वाड्यांत मोबाइलला पुरेसा संपर्क मिळत नाही. छायाचित्र वर जात असता मध्येच संपर्क तुटला, तर पुन्हा आरंभापासून सुरुवात न होता जेथे थांबले तेथून पुढे काम चालावे. काही सेवा हे करतात; सर्वांनी करावे.

चौथी आशा सर्वांत महत्त्वाची. आपला माल आपल्याला बाहेर नेता आला पाहिजे. वखारीचा मालक भाडे वाढवू लागला, तर शेतकरी बैलगाडी जोडून दुसरी वखार गाठू शकतो. येथे मात्र वीस वर्षांची पत्रे व छायाचित्रे उचलून दुसरीकडे नेणे कठीण जाते, आणि या कठीणपणामुळेच मनुष्य वाढलेले भाडे मुकाट्याने देत राहतो. युरोपात २०१८ पासून अशी माहिती सोबत नेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात माहिती दुरुस्त करविण्याचे व पुसविण्याचे हक्क आहेत, पण माल बाहेर नेण्याचा असा स्वतंत्र हक्क नाही.

अशा सुधारणा आपोआप होत नाहीत. ‘सेवा चांगली असावी’ असे मोघम म्हटल्याने कोणी हलत नाही. काय अडते, केव्हा अडते आणि काय हवे आहे, हे नेमक्या शब्दांत व सौजन्याने लिहून कळवावे लागते. चांगले मागणीपत्र लिहिण्यास आपण शाळेत शिकतो, ते अशा वेळी उपयोगी पडते.

मागणी करीत असतानाच एक गोष्ट मात्र विसरू नये. वखार कितीही चांगली असली, तरी सर्व काही एकाच वखारीत ठेवणे शहाणपणाचे नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे अशा एका केंद्रास आग लागली, तेव्हा ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती अशा काही ग्राहकांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील शासकीय केंद्र पेटले आणि अधिकाऱ्यांच्या कामाची सुमारे ८५८ टेराबाइट, म्हणजे आठ लाख गीगाबाइटांहून अधिक माहिती नष्ट झाली. त्या साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती.

तेव्हा साठवितानाच निवड केली पाहिजे. काही वस्तू गेल्या तरी पुन्हा मिळतात. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. आपली प्रत हरवली तरी मूळ नोंद शासनाच्या दप्तरी असतेच. शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘डिजिलॉकर’मध्येही अनेक दाखले मिळतात. परंतु काही वस्तू दुसऱ्यांदा मिळत नाहीत. २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे आला असे आढळले. पुढे पाऊस पडला आणि तो रंग ओसरला. त्या दिवसांत काठावरून काढलेले छायाचित्र ज्याने गमावले, त्यास ते कितीही भाडे दिले तरी पुन्हा काढता येणार नाही. आजीचा आवाज, धाकट्या भावाचे पहिले पाऊल यांचेही तसेच आहे.

शेतकरी पेरणीचे बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. ते तो निवडतो, पाखडतो आणि वेगळे जपून ठेवतो. आपणही निरुपयोगी छायाचित्रे काढून टाकावीत, जे पुन्हा मिळणार नाही ते ओळखावे आणि त्याची एक प्रत आपल्या घरीही ठेवावी. वखारवाल्याकडून चांगल्या सोयीची अपेक्षा अवश्य करावी. ज्याने भाडे दिले, त्याचा तो हक्कच आहे. पण बियाणे कोणते, हे वखारवाल्यास ठाऊक नसते. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

शब्दार्थ

वखार – माल साठविण्याची मोठी जागा, गोदाम. तारण – कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू. रास्त – योग्य. अवाजवी – गैरवाजवी. मोघम – अस्पष्ट. पाखडणे – सुपाने धान्यातील कचरा वेगळा करणे.

स्वाध्याय

१. पेव व वखार यांत कोणता फरक आहे?
२. ‘क्लाऊड’ हे नाव फसवे आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. चौथी आशा सर्वांत महत्त्वाची का, ते पाठाच्या आधारे सांगा.
४. सातबाऱ्याचा उतारा आणि लोणारचे गुलाबी छायाचित्र यांच्या जपणुकीत काय भेद आहे?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पेव फुटणे, फळास येणे, स्वाधीन करणे, पाळी येणे.
६. एका छायाचित्रास चार मेगाबाइट जागा लागत असल्यास शंभर गीगाबाइटमध्ये किती छायाचित्रे मावतील? (एक गीगाबाइट म्हणजे एक हजार मेगाबाइट धरा.)
७. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांसह बसून पुन्हा मिळू न शकणाऱ्या दहा गोष्टींची यादी करा. त्यांच्या प्रती कोठे कोठे आहेत, ते प्रत्येकीपुढे लिहा.
८. तुम्ही वापरीत असलेल्या एखाद्या सेवेत हवी असलेली एक सुधारणा सुचविणारे पत्र दहा ओळींत लिहा.