वीरगळ, वेली आणि नोंदीची भाषा : देवराईतील क्षेत्रकार्याचा एक अभ्यास

शिलालेख, ताम्रपट, वीरगळ आणि गधेगाळ ही मराठीच्या अभ्यासाची प्राथमिक साधने आहेत, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. यांतील ताम्रपट बहुधा संग्रहालयांत सुरक्षित असतात. दगड मात्र अजून उघड्यावर, पावसात आणि झाडांच्या मुळांत उभे आहेत. गेली चार वर्षे मी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे एक लहान पथक घेऊन सत्तरी तालुक्यातील एका देवराईत वर्षातून दोनदा जातो. तेथील वीरगळांभोवतीच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद ठेवणे आणि दगडांच्या स्थितीतला बदल टिपणे, एवढेच आमचे काम. साहित्याच्या प्राध्यापकाने झाडे मोजत का बसावे, असा प्रश्न सहकारी विचारतात. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. असे पथक उभारू इच्छिणाऱ्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा, हाही हेतू आहे.

१. एका अंकाचे मोल

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख अभ्यासकांना परिचित आहे. त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला, तर तो मराठीतील सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांपैकी एक ठरतो. या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेदाचा निर्णय शेवटी दगडावरच्या काही खुणांवर अवलंबून असतो, हा मुद्दा येथे महत्त्वाचा. एखादा अंक दगडफुलाने झाकला, मुळाच्या दाबाने त्याचा कपचा उडाला किंवा कोणी सद्भावनेने तो तारेच्या ब्रशने घासला, तर भाषेच्या इतिहासाचा पुरावाच नाहीसा होतो. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ सिद्ध केला, तेव्हा वाचण्यासाठी दगड शिल्लक होते. पुढच्या वाचकासाठी ते शिल्लक ठेवणे हेही भाषेचेच काम आहे.

गोव्यातील बहुतेक वीरगळांवर अक्षरे नाहीत. खालच्या पट्टीत युद्ध, मधल्या पट्टीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवपूजा, अशी कथा ते चित्रांत सांगतात. नौकायुद्ध कोरलेले वीरगळही गोव्यात मिळाले आहेत. ‘वीरगळ’ हा शब्दच कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड याच्याशी नाते सांगतो. सीमाभागातील आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

२. स्थळनोंदीची आपली परंपरा

वनस्पती आणि वास्तू यांची सांगड घालून स्थळ नोंदवण्याची रीत परकी नाही. भूमिदानाच्या ताम्रपटांत सीमा सांगताना झाड, ओढा, वारूळ, खडक यांचा आधार घेतलेला दिसतो. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ तर या दृष्टीने अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. चक्रधरस्वामींचे वास्तव्य झालेली स्थाने सापडावीत म्हणून तीत गाव, मंदिर, दाराचे तोंड आणि एका ठिकाणापासून दुसऱ्याची दिशा अशी माहिती दिलेली आहे. भक्तीच्या पोटी केलेली ही नोंद आज जुन्या मंदिरांच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

पथकातील नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो : आपली वही अशी हवी की आपल्यापैकी कोणीही नसताना अनोळखी माणूस त्या दगडापाशी जाऊन उभा राहील आणि आज काय बदलले ते ओळखेल.

३. पथक आणि पद्धत

पथक नऊ जणांचे असते. दोघे मोजमाप करतात, दोघे छायाचित्रे घेतात, दोघे वनस्पती ओळखतात, एक लेखनिक, एक जण वेळ, पाणी आणि सर्वांची सुरक्षितता पाहतो आणि नववा मी. लेखनिकाने ऐकलेले माप मोठ्याने परत उच्चारायचे, हा नियम कधीही मोडायचा नाही. वनस्पती ओळखणाऱ्यांसोबत गावातील एक जाणते काका असतात. वनस्पतिशास्त्राचे सहकारी शास्त्रीय नाव देतात, काका गावाचे नाव देतात आणि वहीत दोन्ही लिहिली जातात. घाटावर ज्याला ऐन म्हणतात, ती गोव्यात मट्टी आणि तोच राज्याचा वृक्ष. एकच नाव लिहिले तर दहा वर्षांनी वाचणारा दोन झाडे समजेल.

भेट दोनदा होते : मे महिन्यात पावसापूर्वी आणि पाऊस ओसरल्यावर कार्तिकाच्या सुमारास. प्रत्येक दगडासाठी छायाचित्राची जागा ठरलेली आहे. तीच जागा, तीच उंची, तीच वेळ आणि शेजारी मोजपट्टी. दगडाभोवती एक मीटर लांब-रुंद बांबूची चौकट ठेवून तीत कोणती वनस्पती किती जागा व्यापते ते पाच वर्गांत लिहितात : ५ टक्क्यांपर्यंत, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि त्याहून अधिक. नेमका आकडा सांगण्याचा मोह टाळावा. दोन माणसांचे अंदाज वर्गांत जुळतात, आकड्यांत जुळत नाहीत.

४. शब्दांची शिस्त

साहित्याच्या माणसाचा खरा उपयोग येथे होतो. पहिल्या वर्षाच्या वहीत ‘दगडाजवळ खूप झाडी वाढली आहे’ असे वाक्य एका विद्यार्थ्याने लिहिले होते. वाक्य शुद्ध आहे, पण नोंद म्हणून निरुपयोगी आहे. ‘खूप’ म्हणजे किती, ‘जवळ’ म्हणजे किती अंतरावर आणि ‘झाडी’ म्हणजे काय? आम्ही त्याच जागेची नोंद पुन्हा लिहिली : ‘दगडाच्या ईशान्येस ४० सेंमी अंतरावर रानमोडीची तीन झुडपे, उंची कमरेइतकी; दगडाला स्पर्श नाही.’

यातून आमचा एक छोटा शब्दकोश तयार झाला. गवत, झुडूप, वेल, रोपटे आणि वृक्ष यांना निश्चित अर्थ दिले. मुळांसाठी शाळेत शिकलेले सोटमूळ आणि तंतुमूळ हे शब्द फारच कामाचे ठरले. तंतुमुळांचे गवत माती धरून ठेवते आणि चौथऱ्याची धूप थांबवते. त्याला शत्रू मानून उपटणे चुकीचे. सांध्यात शिरून जाड होत जाणारे मूळ मात्र धोक्याचे. दगडाच्या बाबतीत भेग, तडा, खपली, कपचा आणि झीज हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. वहीत तसे चालत नाही. वरवरची रेषा ती भेग. आरपार गेलेला तो तडा. पापुद्रा सुटतो ती खपली. तुकडा निघून जातो तो कपचा. हे अर्थ आमच्या पथकापुरते ठरवलेले आहेत. दुसऱ्या पथकाने वेगळे ठरवले तरी हरकत नाही, मात्र ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले हवेत.

५. उंबराचा प्रश्न

देवराईतील जांभ्याच्या एका चौथऱ्यावर दोन वीरगळ आहेत आणि त्यांच्या मागे सांध्यातून उंबर उगवला आहे. उंबर, वड, पिंपळ या एकाच कुळातील झाडांची फळे पक्षी आणि वटवाघळे खातात. बी विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडते आणि मूठभर मातीवर रुजते. तिसऱ्या वर्षी मुळाचा घेर वाढल्याचे आणि डावीकडचा वीरगळ किंचित पुढे कलल्याचे आमच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसले.

विद्यार्थ्यांत दोन तट पडले. झाड आताच तोडावे, असे काहींचे म्हणणे. गावकऱ्यांना ते मान्य नव्हते. गोव्यात देवराईला ‘राय’ म्हणतात. बांबर येथील निरंकाराची राय हे तिचे प्रसिद्ध उदाहरण असून, जायफळाच्या कुळातील वृक्षांची दुर्मीळ दलदल तेथे श्रद्धेमुळेच टिकली. रायीतील फांदी तोडायची तरी देवापुढे गाऱ्हाणे घालून कौल घ्यावा लागतो. काका म्हणाले, “सर, पाषाण आणि झाड दोन्ही देवाचीच. एकाला वाचवायला दुसऱ्याला मारायचं, हे आम्हांला कसं सांगता?”

या प्रश्नाला केवळ श्रद्धेचा म्हणून बाजूला सारता येत नाही. शास्त्रही घाईच्या विरोधात आहे. वरून तोडलेला उंबर पुन्हा धुमारे फोडतो. मूळ ओढून काढले तर त्याने धरलेला सांधा उघडतो आणि आत कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी झिरपते. दगडाला आधी आधार कसा द्यायचा आणि मूळ कोणत्या क्रमाने कमी करायचे, हे संवर्धनतज्ज्ञाने ठरवायचे असते. म्हणून आम्ही तीन वर्षांची छायाचित्रे, मापे आणि गावकऱ्यांचे म्हणणे एकत्र करून संबंधित कार्यालयाला निवेदन दिले आणि त्याची प्रत गावाकडे ठेवली. उत्तराची वाट पाहत असताना दर भेटीत कल मोजणे चालू आहे. गावकऱ्यांनी कौल घेऊन नवे धुमारे कोवळे असतानाच खुडण्यास संमती दिली. ही संमती आमच्या आकड्यांना नव्हे, तर त्यांच्यासमोर वाचून दाखवलेल्या वहीला मिळाली, असे मला वाटते.

६. पथकाने पाळायची पथ्ये

अक्षरे वाचता यावीत म्हणून खडू, चुना, तेल वा शेंदूर लावू नये. संध्याकाळी बाजूने तिरपा विजेरीचा प्रकाश टाकला की पुसट कोरीव कामही उठून दिसते. दगडफूल व शेवाळ खरवडू नये. आम्ल वापरू नये. गवत विळ्याने जमिनीच्या वर कापावे, उपटू नये. वाळलेला पाला कदापि जाळू नये, कारण उष्णतेने दगडाचे पापुद्रे सुटतात. जमिनीतून काही वर आलेले दिसले तर ते न हलवता जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. गुप्तधनाच्या लोभाने खणणारे सर्वत्र आहेत. म्हणून नेमके ठिकाण छायाचित्रासह चारचौघांत पसरवू नये. या लेखातही गावाचे नाव त्याच कारणाने दिलेले नाही.

केंद्रसंरक्षित स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. परंतु गावोगावचे असंख्य वीरगळ कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना आज गाव, राय आणि एखादी नीट लिहिलेली वही एवढाच आधार आहे.

समारोप

मराठी विभागांनी आपल्या परिसरातील निदान एका स्थळाची अशी वही सुरू करावी, ही या लेखाची विनंती आहे. गोव्याप्रमाणेच बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथेही हे शक्य आहे. त्यासाठी बांबूची चौकट, मोजपट्टी, वर्षातले दोन दिवस आणि झाडांची नावे जाणणारा गावातला एक माणूस पुरेसा आहे. विद्यार्थ्याला शब्द तोलून वापरायला शिकवणारा याहून चांगला तास मला वर्गात घेता आलेला नाही.