न्याहारीसाठी डाळी-ज्वारीचे भाजलेले जाड धिरडे

अकलूज व माळशिरस तालुक्यातील बागायती भागात सकाळी सात-साडेसातला कोणत्याही वस्तीवर गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. घरधनी उसाला पाणी धरण्यासाठी बाहेर पडलेला असतो, घरची बाई खुरपणीला निघण्याच्या घाईत असते, मुले दप्तर घेऊन तयार असतात आणि सर्वांच्या पोटात असतो तो कपभर गोड चहा, त्याबरोबर फार तर खारी किंवा चार बिस्किटे. नीरेच्या पाण्याने शेते हिरवी केली, साखर कारखान्याने हाती पैसा दिला, दूध संघामुळे गोठा वाढला. पण सकाळची न्याहारी मात्र हलकी होत गेली.

पूर्वीची न्याहारी अशी नव्हती. शाळूची शिळी भाकरी, तिच्यासोबत झुणका, शेंगाचटणी, ताक, किंवा थंडीच्या दिवसांत हुलग्याचे माडगे हा सोलापूरकडील माणसाचा सकाळचा आहार होता. यात तृणधान्य व कडधान्य आपोआप एकत्र येत असे. ही जोड महत्त्वाची आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी असते, ते तृणधान्ये व तीळ यांतून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि शरीराला प्रथिनांचा पुरेपूर उपयोग होतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलो वजनाच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला २३ ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-बिस्किटांतून जेमतेम तीन ग्रॅम मिळतात. शाळेतला पोषण आहार दुपारी मिळतो. तोवर मूल त्या चहावरच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तर पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी आढळली. यामागे कारणे अनेक आहेत, पण सकाळचे रिकामे पोट हे आपल्या हातातले कारण आहे.

रोज धिरडी घालायला वेळ कुठे आहे, असे भगिनी विचारतील. प्रश्न रास्त आहे. तव्यावर एकेक धिरडे घालत उभे राहिल्यास चार माणसांना अर्धा-पाऊण तास जातो व तेलही बरेच लागते. म्हणून येथे सांगितलेले धिरडे जाड आहे. ते एकदाच भांड्यात ओतून, वरखाली उष्णता देऊन भाजायचे असते. ते भाजत असताना दुसरी कामे उरकतात. पद्धत आपल्याला नवी नाही. कोकणात काकडीचे धोंडस असेच झाकणावर निखारे ठेवून भाजतात.

साहित्य : चार मोठ्या माणसांसाठी मूगडाळ १०० ग्रॅम, हरभरा डाळ १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, प्रक्रिया केलेल्या सोयाबीनचे पीठ ५० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, निवडून चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला १०० ग्रॅम, तीळ दोन चमचे, चार चमचे तेल, आणि चवीप्रमाणे आले, लसूण, हिरवी मिरची, जिरे, ओवा, हळद व मीठ. वाट्या प्रत्येक घरी लहानमोठ्या असतात, म्हणून पहिल्या वेळी वजन करून घ्यावे व आपल्या वाटीचे माप ठरवून ठेवावे. ज्वारी घरची मालदांडी असल्यास उत्तम. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाची गोडी अजून लोकांच्या जिभेवर आहे.

सोयाबीनबाबत विशेष काळजी घ्यावी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो व तो उष्णतेनेच निकामी होतो. म्हणून कच्चे सोयाबीन दळून आणू नये. निवडलेले सोयाबीन एक भाग व उकळते पाणी तीन भाग घेऊन, पाण्याला उकळी असतानाच दाणे टाकावेत व २५ ते ३० मिनिटे उकळावेत. पाणी निथळून उन्हात कडक वाळवावे आणि मगच दळावे. हे पीठ एका वेळी महिनाभर पुरेल एवढेच करावे. सोयाबीनमध्ये तेल असल्याने जास्त ठेवल्यास खवट वास येतो.

कृती : दोन्ही डाळी धुऊन आदल्या दिवशी दुपारी चार-पाच तास भिजवाव्यात. संध्याकाळी पाट्यावर किंवा मिक्सरवर रवाळ वाटाव्यात, फार बारीक करू नयेत. त्यात ज्वारीचे पीठ, सोयाबीनचे पीठ व दही मिसळून इडलीच्या पिठाइतके सैल होईल एवढे पाणी घालावे व झाकून ठेवावे. हिवाळ्यात आठ-दहा तास लागतात. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच पीठ फुगते, त्यामुळे त्या दिवसांत रात्री उशिरा भिजवण मिसळावे, नाहीतर सकाळी आंबटढाण पीठ हाती येते. आंबवण्यामुळे धान्यातील लोह शरीराला अधिक मिळते व काही ब जीवनसत्त्वे वाढतात. पटकन फुगावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय अनेकींना असते. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून तो टाळलेला बरा.

सकाळी पिठात मेथी, वाटलेला मसाला, मीठ व निम्मे तेल घालून हलक्या हाताने ढवळावे. अंडी खाणाऱ्या घरात दोन अंडी फेटून याच वेळी घालावीत, रात्री घालू नयेत. सुमारे आठ इंच व्यासाच्या दोन पसरट भांड्यांना तेलाचा हात फिरवून पीठ पाऊण इंच जाडीचे ओतावे व वर तीळ पेरावेत.

चुलीवर भाजायचे असल्यास जाड बुडाचे भांडे घ्यावे. जाळ काढून केवळ निखारे ठेवावेत, भांड्यावर सपाट पत्र्याचे झाकण घालून त्यावरही निखारे पसरावेत. खाली कमी व वर थोडे जास्त, हे प्रमाण साधले की जमले. गॅसवर जुन्या कुकरमध्ये दोन बोटे कोरडी वाळू घालून, झाकणाचे रबर व शिटी काढून, दहा मिनिटे तापवून मग आत भांडे ठेवावे. पाणी घालू नये. विजेची भट्टी असल्यास १८० अंश सेल्सिअसला ठेवावे. कोणत्याही पद्धतीत २५ ते ३५ मिनिटे लागतात. मध्यभागी स्वच्छ काडी खुपसून पाहावी. काडी कोरडी निघाली म्हणजे झाले.

पहिल्या वेळी खालून करपणे व मधे कच्चे राहणे हा अनुभव बहुतेक घरी येतो. त्याचे कारण बहुधा मोठा जाळ हेच असते. पीठ जाडसर ओतले असल्यास तर ते हमखास होते. रंग सोनेरी तांबूस आला की उतरवावे. काळपट होईपर्यंत भाजल्यास लायसीनचा काही भाग वाया जातो. धिरडे चिरा पडून मोडत असेल तर ज्वारी जास्त झाली असे समजावे; ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, बांधून ठेवण्याचे काम मूगडाळ करते.

प्रत्येक धिरड्याचे चार तुकडे करावेत. अंडी न घालता या एकूण आठ तुकड्यांत सुमारे ९० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन तुकड्यांतून २२-२३ ग्रॅम प्रथिने व सुमारे ४४० कॅलरी मिळतात. खुरपणीला जाणाऱ्या भगिनीची दिवसाची जवळजवळ निम्मी गरज येथेच भागते. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक तुकडा पुरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खावे.

सोबत लिंबाची फोड किंवा टोमॅटोची कोशिंबीर अवश्य द्यावी. क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी व डाळीतील लोह शोषले जाते. चहा त्याच्या उलट काम करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा. हे सांगणे सोपे आहे व पाळणे अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. निदान गरोदर स्त्रियांपुरते तरी पाळावे.

आठवड्यातून दोनदा हे धिरडे करायचे तर चार माणसांच्या घराला वर्षाला प्रत्येकी साडेदहा किलो मूगडाळ व हरभरा डाळ आणि पाच-सहा किलो सोयाबीन लागते. अख्खा हरभरा धरल्यास १४-१५ किलो. एवढे धान्य उसाच्या रानातच होऊ शकते. पूर्वहंगामी उसात हरभरा व आडसाली उसात सोयाबीन किंवा भुईमूग ही आंतरपिके घेता येतात आणि त्यांचा बेवडही जमिनीला मानवतो. मळणी झाल्यावर सगळा माल बाजारात जाण्याआधी घरासाठीचे पोते वेगळे काढावे, दाताखाली कट्‌कन फुटेल इतके उन्हात वाळवावे व कोरड्या कोठीत ठेवावे. शेवग्याची दोन झाडे बांधावर लावल्यास मेथी नसलेल्या दिवसांत पाल्याची अडचण पडत नाही.

उरलेले तुकडे त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवावेत. शेतावर न्यायचे असल्यास पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधावेत. गरम असताना डब्यात कोंडल्यास घाम धरतो व उन्हाळ्यात ते दोन-तीन तासांतच चिकट होते.