नवजात वासराच्या बेंबीतून मूत्र गळणे

वासरू गर्भात असताना त्याच्या मूत्राशयाच्या टोकापासून एक नळी निघून नाळेतून बाहेर गेलेली असते. तिला युरॅकस म्हणतात. गर्भाचे मूत्र या वाटेने गर्भाबाहेरील पिशवीत साठते. जन्माच्या वेळी नाळ तुटताच ही नळी आखडून मिटते. काही वासरांत ती मिटत नाही व मूत्र बेंबीतून गळत राहते. हा जन्मजात दोष शिंगरांत अधिक, तर वासरांत क्वचित आढळतो.

नाळ ओली आहे, वाळेल, असे समजून पशुपालक स्वस्थ राहतात. परंतु उघड्या राहिलेल्या त्या वाटेने जंतू आत शिरतात. ते मूत्राशयात, रक्तात व सांध्यांत पोहोचले म्हणजे वासरास ताप येतो, सांधे सुजतात व पुष्कळदा ते दगावते.

ओळख : निरोगी नाळ साधारणपणे आठवड्याच्या आत वाळते. या दोषात बेंबी व सभोवतालचे केस सतत ओले राहतात, त्यांस मूत्राचा वास येतो व वासरू मुतताना बेंबीतून थेंब किंवा धार येते. गोऱ्ह्यात मूत्राचा नैसर्गिक मार्ग बेंबीच्या लगत मागे असल्याने फसगत होते. म्हणून जागा कोरड्या फडक्याने पुसून, वासरू मुतत असताना नीट पाहावे. बेंबीवरील मऊ गाठ दाबल्यास आत जात असेल तर तो अंतर्गळ होय. सूज गरम व दुखरी असून पू येत असेल तर नाळ पिकली आहे असे समजावे. कधीकधी हे विकार एकत्रही असतात.

उपाय : गळणारी बेंबी दोऱ्याने बांधू नये, घाण आत कोंडून गळू होते. चुना, राख वा शेण लावू नये. वासरू कोरड्या जागी ठेवून त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. जंतुनाशक औषधांनी काही वासरांत नळी आपोआप मिटते. इतरांत शस्त्रक्रिया करून ती काढावी लागते.

दक्षता : दोष टाळणे आपल्या हाती नसले तरी जंतुबाधा टाळता येते. विण्याची जागा स्वच्छ असावी. नाळ ओढू नये. ती आपोआप न तुटल्यास सुमारे २ इंच ठेवून निर्जंतुक कात्रीने कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. पहिला चीक २ तासांच्या आत पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या एक दशांश, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर, चीक मिळावा.

ग्रामसेवकांनी पहिला आठवडाभर वासराची बेंबी रोज पाहण्याची सवय पशुपालकांस लावावी.