गुणफलकापलीकडे

खेळ म्हटला की हारजीत ही आलीच. परंतु सामना संपला की फलकावरचे गुण पुसले जातात. खेळाडूच्या अंगी बाणलेले गुण तेवढे त्याच्यापाशी उरतात. ही गोष्ट जन्मभर शिकविणारे एक शिक्षक अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव जॉन वुडन.

इंडियाना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात १९१० साली त्यांचा जन्म झाला. दुसऱ्यावर वरचढ होण्याची हाव धरू नये, दुसऱ्यापासून शिकत राहावे आणि आपल्याला जितके चांगले होता येईल तितके होण्याचा यत्न सोडू नये, ही शिकवण त्यांना वडिलांपासून मिळाली. विद्यार्थिदशेत त्यांनी बास्केटबॉलपटू म्हणून मोठे नाव कमावले. पुढे ते शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि मुलांना खेळाचे मार्गदर्शनही करू लागले. तेथे त्यांना एक गोष्ट खटकली. मुलाने कितीही कष्ट केलेले असोत, पहिली श्रेणी मिळाली नाही की पालक नाराज होत. तेव्हा यश म्हणजे तरी काय, याचा वुडन विचार करू लागले. १९३४ साली त्यांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर निश्चित केले. आपल्या कुवतीप्रमाणे उत्तमातील उत्तम होण्यात आपण कसूर केली नाही, या जाणिवेने मनाला लाभणारे समाधान म्हणजे यश.

१९४८ साली ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. दूरदूरच्या गावांहून नामांकित खेळाडू त्यांच्याकडे येत. पहिल्या दिवशी काही अवघड डावपेच शिकावयास मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असे. वुडन मात्र त्यांना पायांत मोजे कसे घालावेत आणि बुटांचे बंद कसे बांधावेत, हे शिकवीत! खेळाडू चकित होत. पण कारण साधे होते. मोज्याला चुणी राहिली तर पायाला फोड येतो. फोड आला की सराव बुडतो. आणि ज्याचा सराव बुडाला, तो ऐन सामन्यात उणा पडतो. लहान गोष्टींची हेळसांड करणाऱ्याला मोठ्या गोष्टी साधत नाहीत, हा त्यांचा पहिला पाठ होता.

रोजच्या सरावातील मिनिटामिनिटाचे काम ते आधी टिपून ठेवीत. बास्केट करणाऱ्याने, ज्याने आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे पाहून मान डोलवावी, असा त्यांचा परिपाठ होता. ‘त्याचे लक्ष नसले तर?’ अशी शंका एका खेळाडूने काढली. त्याचे लक्ष हमखास असेल, असे वुडन यांनी सांगितले. केलेल्या कामाची कोणीतरी दखल घ्यावी, असे कोणाला वाटत नाही?

सोळाव्या हंगामात, म्हणजे १९६४ साली, त्यांच्या संघाने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेचे अजिंक्यपद प्रथम मिळविले. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत ते एकूण दहा वेळा मिळविले. तरीही ‘जिंकलेच पाहिजे’ असे ते खेळाडूंना सांगत नसत. सामना संपल्यावर तुमचा चेहरा पाहून तुम्ही जिंकलात की हरलात हे कोणास ओळखता येऊ नये, असे ते म्हणत. १९७४ च्या जानेवारीत या संघाची सलग ८८ विजयांची मालिका नोटर डेम विद्यापीठाने अवघ्या एका गुणाने खंडित केली. आठवड्याने त्याच प्रतिस्पर्ध्यांशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा वुडन यांच्या संघाने ९४ विरुद्ध ७५ असा विजय मिळविला.

परंतु वुडन यांच्या विचारांची खरी कसोटी फार पूर्वी, १९४७ सालीच लागली होती. त्या वेळी ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाला कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. तो काही प्रमुख पाच खेळाडूंपैकी नव्हता. त्याला मागे ठेवून स्पर्धेस जाता आले असते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले! पुढील वर्षी ती बंदी उठली. वॉकर संघाबरोबर गेला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यात हरला. गुणफलकावर त्या दिवशी पराभवाची नोंद झाली; पण त्या स्पर्धेचे बंद दार वॉकरने उघडले होते, ते पुन्हा मिटणार नव्हते.

वुडन २०१० साली, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही क्रीडांगणावर उतराल, परीक्षेला बसाल. तेथे किती गुण मिळाले, हे इतर सांगतील. आपण कसूर केली की नाही, याचे उत्तर मात्र ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते.

स्वाध्याय

१. वुडन यांनी यशाची कोणती व्याख्या केली? ती करावी असे त्यांना का वाटले?
२. खेळाडूंना मोजे घालावयास शिकविण्यामागे वुडन यांचा हेतू कोणता होता?
३. १९४७ साली वुडन यांनी निमंत्रण नाकारले, हे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
४. ‘गुण’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा व प्रत्येक अर्थाने एकेक वाक्य लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : अंगी बाणणे, कसूर करणे, उणा पडणे, दखल घेणे.