‘आता नको’ : फोनवापर आवरणाऱ्या ॲपची मराठी

फोनवर नकळत जाणारा वेळ आवरण्यासाठी फोनमध्येच एखादे ॲप ठेवावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २०१८ साली गूगलने ॲन्ड्रॉइडसाठी ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि ॲपलने आयफोनसाठी ‘स्क्रीन टाइम’ ही सोय आणली. तेव्हापासून असा आवर घालण्याची व्यवस्था फोनचाच एक भाग झाली आहे. हा विषय संगणकवाल्यांचा, असे समजून भाषेचे शिक्षक त्याकडे सहसा वळत नाहीत. परंतु अशा ॲपचे काम ज्या क्षणी होते किंवा फसते, त्या क्षणी पडद्यावर दोन-चार शब्द आणि दोन बटणे एवढेच असते. ते शब्द कोणते असावेत, हा आपला प्रश्न आहे.

सीमाभागातील आमच्या महाविद्यालयात संगणक शाखेच्या काही विद्यार्थ्यांनी असे ॲप प्रकल्प म्हणून हाती घेतले आणि त्यातील मराठी मजकूर तपासण्यासाठी माझ्या वर्गाकडे दिला. त्या निमित्ताने जी चर्चा झाली, तिची मांडणी येथे करीत आहे.

१. असे ॲप काय करते?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार मर्यादेचा. अमुक ॲप दिवसाला अर्धा तास, असे आधी ठरवायचे आणि वेळ संपला की ते बंद होते. दुसरा बक्षिसाचा. ‘फॉरेस्ट’ या ॲपमध्ये फोन बाजूला ठेवला की पडद्यावर एक झाड वाढते आणि ठरलेल्या वेळेआधी दुसरीकडे गेले की ते वाळते. तिसरा प्रकार थांब्याचा. ‘वन सेक’ हे ॲप असे करते : आपण मन ओढून घेणारे एखादे ॲप उघडू लागलो की ते क्षणभर अडवते, एक दीर्घ श्वास घ्यायला लावते आणि मग पुढे जायचे की परत फिरायचे, हे विचारते.

मर्यादेच्या प्रकारात एक कच्चा दुवा आहे. आयफोनवर मर्यादा संपली की आणखी एक मिनिट घ्या, पंधरा मिनिटांनी आठवण करून घ्या किंवा आजपुरते दुर्लक्ष करा, असे पर्याय समोर येतात. काही दिवसांत बोटाला ती जागा पाठ होते आणि मजकूर न वाचताच बटण दाबले जाते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी थांब्याचा प्रकार निवडला.

२. उपदेशाचे काय होते?

‘वन सेक’चा एक अभ्यास २०२३ साली ‘पीएनएएस’ या अमेरिकन विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. २८० जणांच्या सहा आठवड्यांच्या वापराची नोंद त्यात आहे. थांबा आल्यावर ३६ टक्के वेळा लोक परत फिरले. सहा आठवड्यांच्या काळात ते ॲप उघडण्याचे प्रयत्नच पहिल्या आठवड्याच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यासकांपैकी एक जण त्या ॲपचा निर्माताच आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यापुढचा आहे. थांब्याचे घटक सुटे करून एक वेगळा प्रयोग केला, तेव्हा परत फिरण्याचा पर्याय समोर ठेवणे सर्वांत परिणामकारक ठरले. थोडा वेळ थांबवण्याचाही उपयोग झाला. विचार करायला लावणाऱ्या संदेशाचा परिणाम मात्र दिसला नाही.

आमच्या वर्गाने पहिल्या फेरीत जे लिहिले, ते जवळजवळ सगळे याच तिसऱ्या प्रकारचे होते. कोणी ‘अति तेथे माती’ लिहिले, कोणी गेलेला वेळ परत येत नाही असे बजावले, एकाने आईवडिलांच्या कष्टांची आठवण करून दिली. वाक्ये चांगली होती. पण हा मजकूर दिवसातून वीस वेळा समोर येणार आहे. पहिल्यांदा म्हण मनात उतरते, दहाव्यांदा ती भिंतीवरच्या जुन्या पाटीसारखी दिसेनाशी होते. आई दिवसातून वीसदा तेच सांगू लागली तर मुलगा काय करतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

यावरून शब्दांचे काम नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परत फिरण्याचा पर्याय माणसाला शब्दांतूनच कळतो. तेव्हा शब्दांनी उपदेशाची जागा सोडून बटणावर यावे, एवढेच यातून निघते.

३. बटणावरची मराठी

पहिला प्रश्न संबोधनाचा. इंग्रजीत एका ‘यू’ने भागते, आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन मार्ग आहेत. विद्यार्थ्यांना ‘तू’ जवळचा वाटला. पण तेच ॲप साठीचे गृहस्थ वापरतील तेव्हा यंत्राने अरेतुरे केलेले त्यांना रुचणार नाही. ‘आपण’ म्हटले की बँकेच्या सूचनेचा वास येतो. स्वतःच्या मनाला ‘तू’ म्हणण्याची आपली परंपरा मोठी आहे. समर्थ रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’मधील २०५ श्लोकांत मनाशीच बोलणे आहे. तेथे माणूस स्वतःशी बोलतो, म्हणून ‘तू’ खपतो. यंत्राला तो अधिकार नाही. म्हणून स्पष्टीकरणाच्या मजकुरात ‘तुम्ही’ ठेवावे आणि बटणावर वापरणाऱ्याचे स्वतःचे बोल असावेत, असे आम्ही ठरवले. बटण दाबतो तो माणूस. वाक्यही त्याचेच हवे.

यातून दुसरा प्रश्न निघतो, तो लिंगाचा. ‘मी थांबतो’ लिहिले की मुली बाहेर राहतात, ‘मी थांबते’ लिहिले की मुलगे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात अनेक स्त्रिया बोलताना सहज ‘मी येतो’ म्हणतात, पण त्याच स्त्रिया लिहिताना ‘मी येते’ लिहितात. त्यामुळे बोलीचा आधार घेऊनही प्रश्न सुटत नाही. ‘थांबतो/थांबते’ अशी तिरकी रेघ सरकारी अर्जात चालेल, क्षणभराच्या बटणावर ती अडखळवते.

मराठीकडे याचे उत्तर आहे. इच्छा सांगताना आपण कर्त्याला चतुर्थीत ठेवतो : ‘मला उघडायचे आहे’, ‘मला नको’. येथे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगावर अवलंबून राहत नाही. त्यातही ‘नको’ हा फार उपयोगी शब्द आहे. ‘नाही’ वस्तुस्थिती नाकारते, ‘नको’ इच्छा नाकारते. हैदराबादच्या दखनीने तो ‘नक्को’ म्हणून घेतला आणि आपलासा केला. ‘डिसमिस’, ‘रद्द करा’, ‘बंद करा’ यांपैकी कोणत्याच शब्दात माणसाची इच्छा नाही; ‘आता नको’ या दोन शब्दांत ती आहे. शिवाय ‘आता’मुळे तो कायमचा त्याग होत नाही, म्हणून म्हणायला सोपे जाते.

दुसऱ्या बटणावर काय लिहावे? ‘पुढे जा’ ही आज्ञा झाली, तीही यंत्राने दिलेली. ‘उघडायचे आहे’ हे सरळ विधान झाले. एका विद्यार्थिनीने त्यात एक अक्षर वाढवले : ‘उघडायचेच आहे’. ‘च’ने कोणालाही दोष दिला नाही, पण हट्ट कोणाचा आहे ते दाखवले. खरोखर काम असेल तर ‘च’ बोचत नाही. सहज म्हणून उघडत असू तर बोट क्षणभर थबकते. इंग्रजी बटणाच्या भाषांतरातून हा ‘च’ कधीच हाती आला नसता.

४. हिशेबाची भाषा

दिवसअखेर ॲप हिशेब देते. तेथे ‘तुम्ही आज तीन तास वाया घालवले’ असे लिहू नये. त्या तीन तासांत कोणी परगावी असलेल्या मुलीशी बोलले असेल, कोणी संदर्भग्रंथाची पाने वाचली असतील. फोनला मिनिटे कळतात, त्यांचे मोल कळत नाही. ‘आज फोन तीन तास वापरात होता. बारा वेळा थांबा आला, पाच वेळा तुम्ही परत फिरलात’ इतके पुरे.

परवानगीची भाषाही अशीच उघड हवी. कोणते ॲप केव्हा उघडले, हे कळल्याशिवाय थांबा घालता येत नाही. म्हणजे अशा ॲपला आपल्या सवयींची बरीच माहिती मिळते. ती फोनमध्येच राहते की बाहेर जाते, हे पहिल्याच पडद्यावर, कायद्याची भाषा टाळून, मराठीत सांगितले पाहिजे. वापरणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने बसवलेले असेल, तर त्याला पाळत हेच नाव द्यावे लागेल.

५. वर्गासाठी

हा पाठ पदवीच्या वर्गात दोन तासिकांत घेता येतो.

(१) आपल्या फोनमधील कोणत्याही पाच बटणांवरील शब्द लिहून काढा. त्यांत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, ते ठरवा.
(२) प्रत्येकासाठी लिंगभेद टाळणारा, तीन शब्दांहून मोठा नसलेला मराठी पर्याय सुचवा.
(३) ‘आता नको’, ‘राहू दे’, ‘नंतर पाहू’ यांतील अर्थच्छटांचा भेद सांगा. यांपैकी कोणता शब्द दिवसातून वीसदा वाचला तरी टिकेल?
(४) हेच बटण तुमच्या घरी आजी किंवा आजोबा कोणत्या शब्दांत म्हणतील, ते विचारून नोंदवा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे वेगवेगळी येतील, आणि ती एकत्र करण्याजोगी आहेत. आज आमचे बहुतेक विद्यार्थी फोनची भाषा इंग्रजीच ठेवतात. मराठी केली तर कळत नाही, हे कारण ते सांगतात आणि पुष्कळदा ते खरे असते. मराठी मुलाला मराठी बटण कळू नये, हा दोष मुलाचा नाही, बटणाचा आहे. तो दूर करण्यासाठी लागणारे व्याकरण आपण रोज फळ्यावर शिकवतोच. ते विद्यार्थ्यांच्या हातातल्या पडद्यापर्यंत नेण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.