वीज गेल्यावर टाकीतील मासे कसे जगवाल?

पावसाळ्यात वादळाने तारा तुटल्या की वीज जाते आणि घरातील काचेच्या टाकीचा हवेचा पंप बंद पडतो. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. ही भूक नव्हे. पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याची खूण आहे. अशा वेळी पुढील काळजी घ्यावी.

१) वीज अचानक येते, म्हणून पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत.

२) खाद्य घालू नये. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात. उरलेले खाद्य मात्र कुजून प्राणवायू संपवते.

३) झाकण काढून टाकीतलेच पाणी तांब्याने वीतभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओतावे. एरवी वर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा.

४) टाकीवर ऊन येऊ देऊ नये. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच.

५) बंद डब्याची गाळणी असल्यास वीज आल्यावर आतील साचलेले पाणी फेकूनच ती सुरू करावी.

गुरामी व फायटर वरची हवा घेऊन तग धरतात.  तेव्हा मिरगापूर्वीच सेलवर चालणारा लहान पंप घरी आणून ठेवावा.